सोबितनं अल्माटीत चावलेली रोटी

सोबित माझा धाकटा भाऊ. सख्खा. एका आईच्या पोटचा, एकाच तंदुराच्या उबेला वाढलेला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मला आका म्हणजे दादा म्हणतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याची तारीफ करायला लागलो की कुणी मध्ये तोंड घालायला नको. भाऊ आहे म्हणून करतो. आणि तारीफ करण्यासारखा आहे म्हणूनही करतो.

उझबेकिस्तानातल्या कोकंदात आमच्या गल्लीत कुणालाही उठवून विचारा, चांगली रोटी कुणाची? बाबांचंच नाव घेतील. कडेला जाड, मध्ये पातळ, वर बाबांच्या ठशाची नक्षी टोचलेली, आणि बोटानं वाजवली तर डफासारखी वाजणार. बाबांचा तो हात जसाच्या तसा सोबितच्या हातात उतरला. माझ्यात नाही उतरला. मी विकतो, तो करतो. कंबरेपर्यंत तंदुरात वाकून, उघड्या हातानं रोटी आतल्या भिंतीला थापायची आणि भाजायच्या आत हात बाहेर काढायचा, हे मी पण करून बघितलंय. पुढं आठ दिवस मला चहाचा पेला धरता येत नव्हता. सोबितच्या हातावर आता केस नाहीत आणि त्याला कोपरापर्यंत गरम म्हणून काही लागत नाही.

तो अल्माटीला गेला तेव्हा तिथल्या बाजाराच्या रस्त्यावर तीन तंदूर होते. सोबित जाऊन दोन वर्षं झाली आणि एकच राहिला. बाकीच्या दोघांतला एक जण आता टायर विकतो. यात काही वाढवून सांगत नाही.

नऊ वर्षं होता तिथं. दर वर्षी नवरोजच्या आधी घरी यायचा, बारा-पंधरा दिवस राहायचा आणि पुन्हा जायचा. आमच्याकडं लांब जाणारा माणूस निघताना ताज्या रोटीचा एक घास दातानं तोडतो. उरलेली रोटी घरातली माणसं खिळ्याला टांगून ठेवतात. ती दुसऱ्या कुणी खायची नाही. जाणारा परत आला की त्यानंच ती संपवायची. रोटी वाट बघत असते, म्हणून माणूस परत येतो, असं आम्ही मानतो. सोबितची बायको मुनिसा दर वर्षी ती दगड झालेली रोटी खिळ्यावरून काढायची, चहात भिजत घालायची आणि वाडगा त्याच्यापुढं ठेवायची. तो मुकाट्यानं खायचा. मग जायच्या दिवशी नवी चावायचा. खिळा तोच. नऊ वर्षांत भिंतीवर त्या खिळ्याभोवती रोटीएवढा गोल डाग पडलाय.

गेल्या वर्षी तो निघाला, तेव्हा मुनिसानं रोटी पुढं धरली आणि हात मागं घेतला.

"अहो, ही शेवटची," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आलात की मी खिळा उपटून टाकणार."

"टाक," सोबित म्हणाला.

"आणि आणखी एक. तिकडून येताना तिथं चावलेली रोटी ठेवून येऊ नका. यायचं तर अख्खे या. अर्धा नवरा मी नऊ वर्षं वापरला."

आम्ही सगळे हसलो, पण ती हसत नव्हती. सोबितनं शब्द दिला, "नाही ठेवणार." आमच्या घरात शब्द दिला म्हणजे दिला. मग त्यानं घास तोडला आणि गेला.

त्याच वर्षी पानगळीत बाबांचा खांदा गेला. हात वर होईना. मी दोन रोटीवाले ठेवून बघितले. एकाची रोटी सायकलच्या सीटसारखी व्हायची. दुसरा बरा होता, पण लग्न करून गेला. तंदूर गार पडला. मग मी सोबितला फोन केला आणि म्हणालो, "वर्ष पुरं झालं की ये. कायमचा ये." तो म्हणाला, "येतो, आका." एवढंच. ना आनंद, ना वाईट वाटल्याचं काही. मला वाटलं फोन खराब आहे.

फोन खराब नव्हता. सोबितच तसा झाला होता. हे पुढचं सगळं मला थोडं त्याच्याकडून कळलं, थोडं कुल्यान आपाकडून.

कुल्यान आपा म्हणजे त्या अल्माटीच्या तंदुराच्या दुकानाची मालकीण. कझाख, पंचावन्नच्या आसपासची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. समोरच्या खिडकीत बसून रोटी विकायची आणि आत बघून ओरडायची. पहिल्या हिवाळ्यात सोबित पातळ बुटांत बर्फ तुडवत आला, तेव्हा तिनं मेलेल्या नवऱ्याचे लोकरीचे बूट त्याच्यापुढं आदळले होते. शेजारी इलशात. हा उइगुर. लगमानचा पीठदोर दोन्ही हातांनी ताणून फळीवर आपटायचा आणि त्याच्या शेवया काढायचा. दोन दुकानांमध्ये पत्र्याची भिंत. पलीकडून इलशातनं पीठ आपटलं की इकडं सोबितच्या पिठाच्या पराती थरथरायच्या. एकदा सोबितच्या पोटात आग पडली, आतडं की काय ते फुटायला आलं होतं, तेव्हा रस्त्यावर गाडी मिळेना म्हणून इलशातनं त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तेव्हापासून रोज सांगायचा, "तू रोटी जास्त खातोस, मी उचललेला आहे तुला, मला माहीत आहे."

अशी ही माणसं. आणि त्यांना सोडून यायची वेळ जवळ आली, तर सोबितला काहीच होईना.

त्यानं दोरी आणली, सामान बांधलं. नवा रोटीवाला आमच्याच बाजूच्या अंदिजानचा आला होता, त्याला तंदुराची कुठली बाजू जास्त तापते ते दाखवलं. न्हाव्याकडं जाऊन आला. सगळं वेळेवर, सगळं नीट. इलशात पत्र्याच्या पलीकडून डिवचायचा, "ए उस्ताद, तिकडं तुझी बायको तुला ओळखेल का? की ओळख म्हणून माझी चिठ्ठी देऊ?" एरवी सोबितनं त्याला चार सुनावले असते. आता म्हणायचा, "ओळखेल." इलशातनं कुल्यान आपाला जाऊन सांगितलं, "आपा, ह्याचं लाकूड झालंय."

"होऊ दे," आपा म्हणाली. "लाकडाला निरोप देणं सोपं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघं इलशातच्या दुकानात जेवायला बसले. इलशातनं त्या दिवशी गिऱ्हाईक घेतलं नाही. मटण, लाल मिरची, एवढ्या लांब शेवया की सोबितला उभं राहून वाडग्यात घ्याव्या लागल्या.

"लांब केल्यात मुद्दाम," इलशात म्हणाला. "खाता खाता बस चुकेल."

"बस उद्या आहे."

"मग उद्यापर्यंत खा." मग सहज विचारल्यासारखं करून त्यानं विषय काढला, "हे बघ, उद्या सकाळी तू तुमच्या पद्धतीनं एक रोटी चाव. आमच्यातही तसंच आहे. मी माझ्या दुकानात टांगतो, ह्या इथं, चुलीच्या वर. उंदीर पण पोचणार नाही."

सोबितनं वाडगा खाली ठेवला. "नाही, इलशात. तेवढं नको."

"का?"

"मुनिसाला शब्द दिलाय."

त्यानं सगळं सांगितलं. खिळा, शब्द, अख्खा नवरा. सांगताना आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. इलशात शेवया ढवळत राहिला.

"म्हणजे परत येणार नाहीस," कुल्यान आपा म्हणाली.

"पाहुणा म्हणून येईन की, आपा."

"पाहुणा!" इलशात म्हणाला. "ऐकलं का आपा? ह्याचं आतडं मी पाठीवरून नेलं, आणि हा माझ्याकडं पाहुणा म्हणून येणार. येताना दुकानातून मिठाई पण आण हां, पाहुण्यासारखी."

"गप रे," आपा म्हणाली. तिनं हात पुसले. "दिलेला शब्द आहे तो. तुमच्यात चावायचं असतं, आमच्यात तोंड लावायचं असतं. रोटीला तोंड लावल्याशिवाय आम्ही कझाख कुणाला उंबऱ्याबाहेर सोडत नाही. त्यात परत यायची अट नाही. उद्या पहिल्या घाण्यातली एक चिमूट बोटानं तोड, तोंडात टाक आणि जा. बायको पण खूश, मी पण खूश."

"मी नाही खूश," इलशात म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

सोबितनं मान डोलावली. बोटानं तोडायचं, दात लावायचे नाहीत. एवढं एक लक्षात ठेवायचं. रात्री पीठ भिजवतानाही तो तेच घोकत होता, असं त्यानं मला सांगितलं. आपल्याला वाईट वाटायला पाहिजे होतं, निदान पीठ मळताना तरी, असंही म्हणाला. पीठ हाताला जरा सैल लागलं. सैल लागतंय, एवढं कळलं. पुढं काही सुचलं नाही.

सकाळी बसला तीन तास होते. दिवसाचा पहिला आणि आपला शेवटचा घाणा आपणच लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं. अंदिजानचा उस्ताद बाजूला उभा राहून बघत होता, आणि बघण्यासारखंच होतं ते, मी तिथं नव्हतो तरी सांगतो. सोबित वाकला, थापली, उठला. वाकला, थापली, उठला. एकही रोटी निसटून निखाऱ्यात पडली नाही. तंदूर भरला, रोट्या फुगल्या, रंग आला. रंग नेहमीपेक्षा थोडा फिका होता. त्यानं आकडीनं एकेक काढून फळीवर टाकायला सुरुवात केली.

तेवढ्यात कुल्यान आपा मागून आली आणि तिनं त्याच्या खांद्यावर चापान टाकला. जाड, निळा, सोनेरी कशिद्याचा, कझाख लोक मानाच्या माणसाला घालतात तसला लांब अंगरखा. सोबितला फक्त त्याचं वजन कळलं. "बाही घाल," ती म्हणाली. त्यानं बाह्या घातल्या. बाह्या बोटांच्याही पुढं आल्या. मग तिनं त्याच्या एका हातात पिशवी दिली, त्याच्या मुलीसाठी, सेविंचसाठी, घोड्याचं चित्र असलेलं काहीतरी. इलशातनं दुसऱ्या हातात मिरच्यांची माळ दिली आणि काखेत मसाल्याचा डबा खुपसला. अंदिजानवाल्या उस्तादानं सोबितनं घरून नेलेला, तंदुराजवळ राहिलेला बाबांचा जुना ठसा आठवणीनं आणला, तो मिरच्यांवर ठेवला. आता सोबित खुंटाळ्यासारखा उभा.

"उशीर होतोय," आपा म्हणाली आणि तिनं घाण्यातली पहिली रोटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. "तोंड लाव."

सोबितनं पुढं वाकून रोटी चावली.

चांगला मोठा घास. कडेचा. दातांची पूर्ण कमान उमटली.

इलशात ओरडला, "चावली! दातानं चावली! आपा, बघितलंस? तू साक्षीदार!"

"हात मोकळे नव्हते," सोबित म्हणाला. तोंडात घास होता.

"म्हणूनच! हातानं माणूस खोटं करतो. आता टांगतो मी. खिळा तयारच आहे."

"इलशात, दे ती. बसमध्ये खातो मी."

"देतोय का!"

रोटी कुल्यान आपाच्या हातात होती. सोबितनं तिच्याकडं बघितलं. ती रोटी छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याला पुढं मागता येईना. नऊ वर्षांत तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. आताही मागितलं नव्हतं. फक्त देत नव्हती.

"आपा, मी शब्द दिलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "जा, बस जाईल."

मग तो गेला. इलशातनं सामान उचललं, बसपर्यंत आला, सगळ्या रस्त्यानं बडबडत आला, आणि बसच्या पायरीपाशी मात्र फक्त म्हणाला, "वजन कमी झालंय तुझं." सोबितनं त्याला मिठी मारली. मिठी कधी सोडायची ते दोघांनाही कळेना, शेवटी बसवाल्यानं हॉर्न वाजवला.

बसमध्ये बसल्यावर सोबितला दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे आपण शब्द मोडला. दुसरी म्हणजे त्या घासाला चव नव्हती. काही म्हणजे काहीच नाही, ओला कागद चावल्यासारखं. तो म्हणाला, "आका, मला वाटलं माझं तोंडसुद्धा गेलं. म्हटलं, आता हे असंच राहणार." बाहेर दिवसभर सपाट माळ होता, बर्फाचे तुकडे, कुठं घोडे. त्यानं खिडकीला डोकं लावलं. मुनिसाला काय सांगायचं ते जुळवत राहिला आणि ते जुळेना. न सांगावं, तर तिला कळणार कसं? मधे पाचशे कोसांचा माळ. पण घरी खिळ्यावरची रोटी त्याची वाट बघत होती, आणि तिच्यासमोर बसून खोटं बोलायचं म्हणजे अवघड. चापान त्यानं अंगातून काढला नव्हता. हद्दीवरच्या शिपायानं विचारलं, "नवरदेव का?" तर त्यालाही म्हणाला, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, तो घरी पोचला. बाबांनी डाव्या हातानंच त्याला धरलं. सेविंच आधी दाराआड गेली, मग घोड्याचं चित्र बघून बाहेर आली. मुनिसानं खिळ्यावरची रोटी आधीच काढून भिजत घातली होती. तिनं वाडगा त्याच्यापुढं ठेवला, आणि वाडग्याशेजारी पक्कड ठेवली.

तो खायला हात घालणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "तिकडं?"

आम्ही सगळे तिथं होतो. सोबितनं हात मागं घेतला.

"राहिली," तो म्हणाला. "एक. चुकून. हातात सामान होतं."

मुनिसानं पक्कड उचलली, ओढणीखाली घेतली आणि भिंतीला टेकून बसली. बाबा खाकरले. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, मी घरातला मोठा, मी बोललो की ऐकतात. पण शब्द मोडला होता.

आणि त्याचा फोन वाजला. कुल्यान आपा. सोबितनं फोन चटईवर ठेवला आणि आवाज मोठा केला, लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

"पोचलास?" तिचा आवाज घरभर झाला.

"पोचलो, आपा."

"बायको आहे तिथं?"

"आहे."

"मग तिलाही ऐकू दे. तुझी रोटी आम्ही खाल्ली. आत्ता, चहाबरोबर. मी, इलशात आणि तो तुमचा अंदिजानवाला. काल दिवसभर टांगली होती. येता जाता तिच्याकडं बघायचे, माझं कामात लक्ष लागेना. म्हटलं, दुसऱ्याच्या घरातला माणूस मी खिळ्याला टांगून ठेवलाय. इलशात नको म्हणत होता. मी बसवलं त्याला खायला. तुकडा राहिला नाही. आता इथं तुझी वाट बघणारं काही नाही. येशील तेव्हा ताजी मिळेल."

सोबितनं फोन जवळ ओढला.

"इलशात कुठंय?" त्यानं विचारलं.

"आहे. बोलणार नाही म्हणतो." मागून फळीवर पीठ आपटल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा, जोरात.

"आणि ऐक," आपा म्हणाली. "मीठ नव्हतं त्यात. चिमूटभरही नाही. विसरलास, उस्ताद. काल अख्खा घाणा गेला बिनमिठाचा, दीडशे रोट्या, आणि एकानं परत आणली नाही. मला वाटलं, माझंच तोंड गेलं."

"मीठ नव्हतं?" सोबितनं दोनदा विचारलं. "खरंच नव्हतं?"

"आता तुझ्याशी खोटं बोलू? ठेवते. गिऱ्हाईक आलंय."

आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणी पिठात मीठ विसरलेलं नाही. हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण मीठ नव्हतं हे ऐकून माझा भाऊ ज्या पद्धतीनं श्वास सोडून बसला, ते मी बघितलं.

मुनिसा उठली, खिळ्याला पक्कड लावली आणि दोनदा हिसडून तो उपटला. थोडी माती पडली. गोल डाग तेवढा राहिला. सोबितनं वाडगा ओढला आणि चहात भिजलेली ती वर्षाची रोटी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. सावकाश, घास घोळवत, तोंड चाचपून बघितल्यासारखं. मग त्यानं चापान काढून सेविंचच्या अंगावर टाकला, अंगणात आला, गार तंदुरात हात घालून भिंत चाचपली आणि मला म्हणाला,

"आका, मीठ कुठं ठेवता हल्ली?"

मी डबा दाखवला.